लहानग्यांच्या आनंदाच्या चित्रांसाठी रंग आणि कागद : काय घ्यावं, काय टाळावं

गावची लक्ष्मी यात्रा होऊन गेली की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला विचारून बघा, काय काय बघितलंस? "मज्जा आली" एवढंच उत्तर येतं. तेच मूल चित्र काढता काढता बोलायला लागलं की रथ, पाळणा, गर्दीत हातातून सुटलेला फुगा, सगळं बाहेर येतं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या ज्युलियन ग्रॉस आणि हार्लीन हेन यांनी १९९८ साली या वयाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. चित्र काढत सांगणारी मुलं नुसतं सांगणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त तपशील देत होती. म्हणून इथे रंग पारखताना चित्र किती सुबक येतं हे पाहिलेलं नाही. मूल बोलतं राहतं का, एवढंच पाहिलं आहे.

या कसोटीवर ऑइल पेस्टल सगळ्यांत सरस. त्यात तेल असल्यामुळे हलक्या हातानेही रंग गडद उठतो, हात दमत नाही आणि बोलणं तुटत नाही. तो अपारदर्शक असल्याने काळ्या कागदावरही खुलतो. बेळगावच्या शिवजयंतीची रात्रीची चित्ररथ मिरवणूक किंवा गणपती विसर्जनाची रोषणाई काढायला काळा कागद द्यावाच. बारा रंगांची पेटी पुरते. चोवीसची घेतली तर मूल रंग निवडण्यातच रमतं. आपल्याकडे पिवळा आधी संपतो, कारण यात्रेचं चित्र म्हणजे कागदभर उधळलेला भंडारा, म्हणजे हळद! कांडी आधीच मधोमध मोडून, वरचा कागद सोलून द्यावी. अख्खी कांडी जोर लागला की मोडते आणि मूल बिचकतं. आडवी धरून घासली तर भंडारा झटक्यात उधळता येतो. दोष एकच, पण मोठा : हा रंग पूर्ण वाळत नाही, पुसटतो. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालावा. एप्रिल-मे महिन्यात पेटी उन्हात किंवा गाडीत ठेवू नये, कांड्या मऊ पडतात.

तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना मात्र जाड मेणखडू बरे. हात बरबटत नाहीत आणि मुठीत धरता येतात. रंग फिका उठतो, दाबावं लागतं, त्यामुळे मोठी जागा भरताना मूल कंटाळतं. बारीक मेणखडू घेऊच नयेत. स्केचपेन पाच वर्षांनंतर, तेही चेहरे आणि बारीक रेघांपुरते. टोपण उघडं राहिलं की वाळतात, जोर दिला की टोक आत जातं आणि पातळ कागदावर रंग मागे फुटतो. पाण्याचे रंग या कामाला नकोत, सगळं लक्ष पाणी सांडू न देण्याकडे जातं.

आनंदी आठवणींच्या छापील वह्या मिळतात, त्या आम्ही सुचवणार नाही. केक, फुगे आणि हसरा चेहरा आधीच छापलेला असतो. मूल तो रंगवतं आणि त्याची स्वतःची आठवण बाजूलाच राहते.

कागद कोरा, निदान १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद सहसा जाड). दुरेघी वहीचा कागद पेस्टलखाली फाटतो. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानात कार्ट्रिजचा (चित्रकलेचा जाड) मोठा कागद घेऊन चार तुकडे करून घ्यावेत; एक तुकडा ए-फोरपेक्षा मोठा होतो आणि खांद्यापासून हात फिरायला जागा मिळते. फरशीवर मास्किंग टेपने चारी कोपरे चिकटवले की कागद सरकत नाही. खानापूरकडच्या पावसात कागद दमट होतो, तेव्हा तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

आता वापराविषयी, कारण चांगली पेटीही चुकीच्या प्रश्नाने वाया जाते. "छान चित्र काढ" म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक घर आणि नदी हमखास येते. त्याऐवजी "काल पाळण्यात बसलास, ते काढत काढत मला सांग की" असं म्हणावं. प्रसंग एकच, तोही त्याच दिवशीचा किंवा आदल्या दिवशीचा. दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली. मध्ये "हे काय काढलंस?" विचारू नये, मुलाला वाटतं, आपलं चुकलं. "मग पुढं?" एवढं पुरतं. आपण हातात खडू घेऊन रथ काढून दाखवला की मूल तिथेच थांबतं आणि "तूच काढ" म्हणतं.

तीन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्याच असतील, आता आजी म्हणेल आणि थोड्या वेळाने बैल म्हणेल. दोन्ही मान्य करावं. चार-पाच वर्षांचं मूल डोक्यालाच पाय जोडतं, तेही दुरुस्त करू नये. काळा रंग वापरला म्हणून घाबरायचं कारण नाही, पुष्कळदा तो हाताशी होता एवढंच असतं. मूल बोलेल ते मागच्या बाजूला पेन्सिलीने, तारखेसह, त्याच्याच शब्दांत लिहावं. मराठीत कन्नड मिसळलं असेल तर तसंच. आठवड्याने तेच चित्र समोर ठेवून ते वाचून दाखवलं की बहुतेक मुलं त्यात भर घालतात. त्यासाठी मागे अर्धी जागा कोरी सोडावी.