असेंबल डेस्कटॉपचे आठ महिने : खानापूरचा पाऊस आणि भिशीचे पंचेचाळीस हजार

"अक्का, इष्टू साकू," म्हणजे ताई, एवढं पुरे, असं कन्नडात म्हणत बेळगावच्या दुकानदारानं कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, माझ्यापुढं ठेवला. वर ठळक अक्षरात ४५० वॅट. फुकट ते पौष्टिक म्हणून मीही घेणारच होते. पण लग्नपत्रिकांची प्रूफं वाचून वाचून बारीक अक्षर आधी बघायची खोड लागली आहे. बाजूच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलं होतं. बारा चोक अठ्ठेचाळीस, हातचे चार वगैरे करून आले १६८. प्रोसेसर, पंखे, पुढंमागं घातलं तर ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांची भूक या १२ व्होल्टवरच भागते. म्हणजे ४५० पैकी कामाचे १६८. तो तिथंच ठेवला आणि ३,१०० रुपये देऊन दुसरा, ८० प्लस ब्राँझचा, म्हणजे वीज कमी वाया घालवतो अशा शिक्क्याचा घेतला. त्याच्या त्याच रकान्यात ३७ अँपिअर होते, म्हणजे ४४४ वॅट. दुकानदाराला वाटलं बाईला कुणीतरी शिकवून पाठवलंय.

कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापुरात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. पत्रिका, गणपती मंडळांची पावती पुस्तकं, फ्लेक्स, जमिनीचे पहाणी उतारे, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरचे अर्ज. जुनं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरवर चालायचं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सपोर्ट मिळणार नव्हता, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. तेव्हा एप्रिलात भिशी लागली तेव्हाच नवं करून टाकायचं ठरवलं. आता डिसेंबर आहे. मशीन रोज नऊ-दहा तास चालतं, त्यामुळं काय टिकलं आणि कुठं पैसे पाण्यात गेले ते सांगता येईल.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, ११,८०० ला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स पोटातच. माझ्या भाच्याचं मत वेगळं होतं. आय-थ्री १२१००एफ घे आत्ती, त्यावर सेकंडहँड कार्ड टाकू, असा त्याचा हेका. एफवाल्याला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड गेलं की स्क्रीन काळी आणि दुकान बंद. सेकंडहँड कार्ड कुणाच्या खोलीत क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये किती पिळून निघालंय हे कोण सांगणार? मी डिझाइन करते त्या कोरलड्रॉला मोठं कार्ड लागत नाही, त्याला एक कोअर चपळ हवा आणि रॅम हवी. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स उघडताना पूर्वी मी चहा ठेवायला जायचे, आता चहाचं निमित्त गेलं. या निवडीचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

मदरबोर्डाचा मात्र झाला. बी४५० चिपसेटचा बोर्ड ऑनलाइन ५,४०० ला स्वस्त दिसला म्हणून मागवला. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन कोरी. दोन तास रॅम काढ, रॅम घाल. मग कळलं की बी४५० हा ५६००जी पेक्षा जुना. बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा त्याच्या आतला प्रोग्राम, जुन्या मालातला असेल तर तो या प्रोसेसरला ओळखतच नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावता नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण असतं, माझ्या बोर्डावर नव्हतं. म्हणून तो पिशवीत घालून बसनं बेळगाव. दुकानातल्या पोरानं जुना रायझन लावला, वीस मिनिटांत बायोस नवा केला, ३०० रुपये घेतले. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं आम्हा बायकांना बसचं तिकीट शून्य, म्हणून तेवढ्यावर भागलं. तुम्ही पुरुष असाल तर तिकीटही धरा. विकत घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारायचं, "बायोस अपडेट करून देणार का?" हो म्हणाला तर दोनशे-चारशे महाग असला तरी त्याच्याकडून घ्यावा.

रॅममध्ये मी स्वतःच्या हातानं नुकसान करून घेतलं. ८ जीबीची एकच स्टिक घेतली, १,६५० ला. दुसरी दिवाळीत घेऊ, तोवर आणखी स्वस्त होईल, हा माझा हिशेब. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जेवतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन स्टिक जोडीनं लावल्या तर ५१.२. म्हणजे मी सहा महिने अर्ध्या रस्त्यावरून गाडी चालवत होते. त्यातही सुरुवातीचे तीन महिने तर २४०० च्या वेगानं, कारण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग, चालू करावं लागतं हे ठाऊकच नव्हतं. बोर्ड आपण होऊन ते करत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की वेग दिसतो, तुमचाही आजच बघा.

दिवाळी आली तेव्हा रॅमचे भाव पेटले होते. मेमरीच्या कारखान्यांनी एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडं मोर्चा वळवला, आणि खानापूरच्या बाईची १,६५० ची स्टिक नोव्हेंबरात ३,७०० ला गेली. घेतली, नाइलाज होता. फरक मात्र डोळ्यांना दिसतो. भाच्याचा व्हॅलोरंट हा गेम एका स्टिकवर अडखळायचा, आता कमी सेटिंगवर सेकंदाला शंभर फ्रेमच्या वर पळतो म्हणे. मला त्याच्या फ्रेमशी देणंघेणं नाही. माझं कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडं ठेवून ब्राउझरमध्ये सेवा सिंधू चालतं, एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. मशीन लावून आठवडा झाला नसेल, भाचा म्हणाला, "आत्ती, कॅबिनेट चावालंय बघ." मी हात लावला तर बोटांना झिणझिण्या. आधी वाटलं महागाचा एसएमपीएसच खराब निघाला. दुकानदार फोनवर जवळजवळ खूश झाला, फुकटचा घेतला असता तर असं झालं नसतं म्हणाला. मग इलेक्ट्रिशियन मामांना बोलावलं. त्यांनी टेस्टर न काढताच भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं झाकण उघडलं. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या, मोठ्या भोकामागं वायरच नव्हती. दुकानाचं वायरिंग करणाऱ्यानं अर्थिंगची वायर ओढलीच नव्हती, नुसतं भोक ठेवलं होतं. अकरा वर्षं मी तिथं बसतेय.

मामांनी सांगितलं ते असं. एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळायला फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याच्या बॉडीकडं छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून किंचित करंट झिरपतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना. अर्थिंगच नसेल तर तो जाणार कुठं? पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, बसून राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण प्रिंटरच्या आणि मॉनिटरच्या केबलीतून तो सारखा वाट शोधत असतो. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये ही गाळणीच अनेकदा गाळलेली असते, म्हणून तो चावत नाही. दुकानदाराचं बोलणं एका परीनं खरं होतं तर.

मागच्या अंगणात खड्डा खणायला घेतला. आमच्याकडं फूटभर मातीखाली जांभा. दोन गडी, एक पहार, अर्धा दिवस. खाली पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नळी. मामांची मजुरी धरून २,६०० झाले. मग मामांनी मीटर लावून दाखवला. फेज आणि अर्थमध्ये २३१, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोनच्या आत. कॅबिनेट चावायचं थांबलं. पावसाळ्यात ओल असते तोवर चिंता नाही, पण जांभा मार्च-एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा पडतो, तेव्हा नळीतून आठवड्याला बादलीभर पाणी घाला, असं मामांनी बजावलंय. पार्टची यादी करताना हे २,६०० कुणी धरत नाही. मीही धरले नव्हते, आणि आज मला विचाराल तर यादीत पहिला आकडा मी तोच लिहीन.

यूपीएस ६०० व्हीएचा, ३,२०० ला. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, याचे वॅट ३६०. माझं मशीन मॉनिटरसकट पूर्ण जोरात असलं तरी दीडशे वॅटच्या आत राहतं, पत्रिका करताना तर त्याच्या निम्म्यावर. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा करून लेसर प्रिंटरही यूपीएसवर लावला. लेसरचा हीटर तापताना एकदम आठशे-हजार वॅट खेचतो. लाइट गेलेली, प्रिंट दिली, यूपीएस एकदा केकाटला आणि सगळंच आडवं. अर्धी पत्रिका गेली. प्रिंटर थेट भिंतीत लावायचा, लाइट नसेल तर प्रिंट नाही. इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला असं अनेक गिऱ्हाइकं विचारतात. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते तसं ठेवलेलं नसेल तर पालट व्हायला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. पंख्याला ते कळत नाही. माझ्या यूपीएसनं एप्रिलात वीस मिनिटं दिली, आता पंधरा देतो. बॅटरी दोन वर्षं पुरली तर नशीब.

वळवाच्या दिवसांत मात्र यूपीएस, अर्थिंग कशावरही भरवसा ठेवू नका. ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, आणि नेटची वायरही काढायची. जुन्या मशीनचा लॅन पोर्ट असाच गेला होता. मी प्लग काढून निवांत घरी आले होते, वीज केबलीतून शिरली.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापुरात काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. चपलांना बुरशी, कागद इतका दमट की प्रिंटरमध्ये दोन दोन एकत्र जातात. मशीनला याचा काहीच त्रास झाला नाही, याचं कारण बहुधा एवढंच की ते रोज चालू होतं आणि आपल्याच उबेनं कोरडं राहिलं. रविवारीसुद्धा तासभर लावायचे. जे महिनोन् महिने पडून राहतं त्यालाच ओल खाते.

सगळ्यांत वाईट खरेदी कॅबिनेटची, ३,४०० ची. पुढं काच, बाजूला काच, आत रंगीबेरंगी दिव्यांचे तीन पंखे, लग्नाच्या मांडवासारखं. भाच्याच्या आग्रहाला मी एवढ्या एका ठिकाणी बळी पडले. पुढच्या काचेमुळं पंख्यांना हवाच मिळत नव्हती. मे महिन्यात मोठा फ्लेक्स एक्सपोर्ट करताना प्रोसेसर ८४ अंशांवर. याची हद्द ९५, म्हणजे धोका नव्हता, पण पंखा असा ओरडायचा की गिऱ्हाईक वळून बघायचं. पुढची काच काढून ठेवली, ७१ वर आला. काच आता काउंटरवर आहे, तिच्याखाली पत्रिकांचे नमुने ठेवते. जाळीचं साधं कॅबिनेट दोन हजारात मिळतं. जाळीतून लाल धूळ येते हे खरं, पण ती महिन्यातून एकदा ब्रशनं निघते.

मॉनिटर २४ इंची आयपीएस, ७,९०० चा. हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल पडद्यावर दिसतो तसाच कागदावर उतरतो, जुन्यावर मान हलवली की रंग बदलायचा. एसएसडी ५०० जीबीची, २,९०० ची, हेल्थ ९८ टक्के दाखवते, तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही घडलं नाही आणि एसएसडीकडून तेवढीच अपेक्षा असते. कीबोर्ड-माउस ९०० चा साधा. हो, २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा झाला. त्यावर माझं मत इथं नको, पाट्या मात्र भरपूर केल्या. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच बटणावर असतो, त्यामुळं मराठीवर बसलेला हात कन्नडलाही चालला, वेगळा कीबोर्ड लागला नाही.

अर्थिंग, बायोसचे ३०० आणि ती महागडी दुसरी स्टिक धरून एकूण ४६,८५०. भिशीच्या पंचेचाळीसच्या वर १,८५० गेले, ते गणपतीच्या पावती पुस्तकांतून भरून निघाले.

एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठी एक जादा केबल येते. तिचं काम नव्हतं म्हणून मी ती रबर लावून कॅबिनेटच्या तळाशी दडवून ठेवली होती. परवा धूळ काढायला उघडलं तर रबर निघालेलं आणि केबल सरळ करून, बरोबर कार्डाच्या जागेजवळ आणून ठेवलेली. मी अजून भाच्याला काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही.