जॉन कारपेंटर बघायला घेताय? आधी 'हॅलोवीन' की आधी 'द थिंग'?

अमेरिकन भयपट-दिग्दर्शक जॉन कारपेंटरची सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की बोलणं फिरून फिरून दोनच नावांवर येतं: 'हॅलोवीन' (१९७८) आणि 'द थिंग' (१९८२). दोन्ही त्याच्या ऐन उमेदीतले, दोन्हींचा कॅमेरामनही एकच, डीन कंडी. भीती मात्र अगदी वेगळ्या जातीची. एकात खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, तो आत्ता कुठे आहे एवढाच प्रश्न उरतो. दुसऱ्यात सगळे डोळ्यांसमोर बसलेले असतात, पण त्यांतला कोण अजून माणूस राहिलाय हे कुणालाच ठाऊक नसतं.

'दे लिव्ह' (१९८८) आधी बघा असं सांगणारेही बरेच भेटतात. काळा चष्मा डोळ्यांवर चढवला की रस्त्यावरच्या जाहिराती गायब होतात आणि त्यांच्या जागी नुसते हुकूम दिसू लागतात, तो प्रसंग कारपेंटरच्या एकूण कामात सगळ्यांत हुशार म्हणावा असा आहे. पण ती कल्पना मांडून झाली की उत्तरार्धात बंदुका सुरू होतात आणि सिनेमा साध्या मारधाडीच्या वाटेला लागतो. मधली गल्लीतली ती प्रसिद्ध मारामारी पाच मिनिटांहून जास्त चालते. मला ती आवडते, पण नवीन माणूस तिथे कंटाळू शकतो. म्हणून 'दे लिव्ह' तिसरा.

आता 'हॅलोवीन'. साधारण तीन लाख डॉलर आणि वीसेक दिवस, एवढ्यात उरकलेलं काम. गोष्ट इलिनॉयमधल्या शरद ऋतूतली, पण शूटिंग झालं कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. म्हणून वाळकी पानं कागदाची, रंगवलेली. एक प्रसंग झाला की गोळा करून पुढच्या प्रसंगात पुन्हा पसरायची. खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, पांढरा रंग फासलेला आणि डोळ्यांची भोकं मोठी केलेली. हे सगळं माहीत असूनही सिनेमा चालू असताना त्यातलं काहीही आठवत नाही, यातच त्याचं यश आलं.

कारपेंटर रुंद फ्रेम कशी वापरतो ते शिकावं तर याच सिनेमात. भरदिवसा, झाडांच्या कुंपणाशी, फ्रेमच्या अगदी कडेला तो खुनी नुसता उभा असतो. कॅमेरा त्याच्याकडे बोट दाखवत नाही. शेवटाकडे एका दाराशी नायिका लॉरी रडत टेकलेली आहे आणि तिच्यामागच्या काळोखात तो पांढरा चेहरा हळूहळू उजळत जातो, आधी डाग वाटावा इतका पुसट, मग ओळखू येईल इतका. रक्त जवळजवळ नाहीच. सगळं काम अंधार, पाठलाग आणि कारपेंटरनं स्वतः वाजवलेली ती पियानोची धून करते. पाच मात्रांचा तो ठेका त्याला लहानपणी संगीताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. आपला कान चारच्या हिशोबानं ऐकतो आणि दर वेळी एक मात्रा उरते, त्यामुळे ती धून कुठे टेकतच नाही.

इतकं कौतुक करूनही माझं पारडं 'हॅलोवीन'कडे झुकत नाही, आणि त्याचं कारण एक सुरा आहे. (शेवटची वीस मिनिटं कोरी ठेवायची असतील तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

लॉरी खुन्याला विणायची सुई खुपसते, तो पडतो, ती त्याचा सुरा उचलते आणि तिथेच त्याच्याजवळ टाकून देते. वरच्या मजल्यावर कपाटात पुन्हा तेच. हँगरची तार, मग त्याच्याच सुऱ्याचा वार, तो कोसळतो, आणि सुरा पुन्हा त्याच्या शेजारी. वर त्याच्याकडे पाठ करून ती दारात बसते. शाळकरी मुलगी आहे, भेदरलेली आहे, हातात रक्ताळलेला सुरा धरवत नाही, हा बचाव मी ऐकलाय आणि तो चुकीचा म्हणणार नाही. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसचा तो पहिलाच सिनेमा होता आणि तिचं थरथरणं खरं वाटतं. एकदा सोडून देता येतं. पण दोनदा? त्यानंतर मला खुन्याची भीती वाटेनाशी होते, लेखकाची गरज दिसू लागते. पुन्हा पुन्हा बघितल्यावर तर मी सुई दिसली की सुऱ्याचीच वाट बघतो. ज्या वीस मिनिटांसाठी आधीचा तासभर इतक्या संयमानं रचला, तीच अशी हातातून निसटते.

'द थिंग'मध्ये हा त्रास होत नाही. अंटार्क्टिकातल्या अमेरिकन संशोधन केंद्रात बारा पुरुष अडकलेत आणि दुसऱ्या जीवाची हुबेहूब नक्कल करणारं काहीतरी त्यांच्यात शिरलंय. आपण त्यांच्या जागी असतो तर जे केलं असतं तेच हे लोक करतात. संशय आला की बांधतात, कोंडतात, उरलंसुरलं जाळून टाकतात. डॉक्टर रक्ताची तपासणी सुचवतो, तर साठवलेलं रक्त आधीच कुणीतरी नासवलेलं निघतं. डाव फसतो तो माणसं बावळट म्हणून नाही, समोरचा तितकाच हुशार म्हणून. माझ्यासाठी इथेच निकाल लागला.

रक्ताच्या चाचणीचा तो प्रसंग बघाच. केंद्रातला हेलिकॉप्टर पायलट मॅकरेडी सगळ्यांना बांधून एकेकाचं रक्त काचेच्या बशीत घेतो आणि तापवलेली तार त्यात बुडवतो. चर्र आवाज, म्हणजे हा माणूस. पुन्हा चर्र. त्यात एका मेलेल्याचंही रक्त तपासलं जातं, तो माणूसच होता असं निघतं, आणि त्याला गोळी घालणाऱ्याला ते सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. आपल्याला वाटतं आता ताण सैल होतोय. मॅकरेडी भलत्याच माणसाशी वाद घालत बशीकडे धड न बघता तार टेकवतो, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होतं. आपलं लक्ष कुठे असेल हे दिग्दर्शकानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कुणाचं रक्त ते माहीत असूनही मी अजून दचकतो.

दोष इथेही आहेत. पहिला अर्धा तास दाढ्या आणि जाड कोट यांत कोण कुठला ते कळत नाही. पात्रांत बाई एकही नाही. शेवटाकडे एक पात्र चालत जातं आणि परत दिसतच नाही. शेवटचं अवाढव्य रूपही आधीच्या प्रसंगांइतकं अंगावर येत नाही. विशीतल्या रॉब बोटीननं संगणकाच्या मदतीशिवाय घडवलेले ते देह तर काहींना खरोखर बघवणार नाहीत. कुत्र्यांवर जीव असेल तर त्यांच्या पिंजऱ्यातला प्रसंग कठीण जाईल. त्याआधी मात्र तो एकटा कुत्रा रिकाम्या खोल्यांमधून आवाज न करता, शेपूट न हलवता कसा फिरतो तेवढं जरूर बघा. एवढा थंड अभिनय माणसांकडूनही क्वचित बघायला मिळतो.

'ई.टी.'नंतर दोनच आठवड्यांनी, २५ जून १९८२ला, 'ब्लेड रनर'बरोबर एकाच दिवशी 'द थिंग' लागला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी पाठ फिरवली. एन्नियो मॉरिकोनेच्या संगीताला तर वर्षातल्या सर्वांत वाईट संगीतासाठी रॅझी या टिंगलीच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. नाडीसारखे दोन-दोन ठोके देत जाणारं ते संगीत रात्री हेडफोनवर ऐकून बघा आणि तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे 'हॅलोवीन'मधली मुलं टीव्हीवर जो सिनेमा बघत असतात तो १९५१चा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड', म्हणजे त्याच मूळ कथेवरचा आधीचा अवतार. त्यामुळे आधी 'हॅलोवीन', मग 'द थिंग' हा क्रमही शोभून दिसतो. रक्तमांस बघवत नसेल, किंवा सोबत कुणी घाबरट असेल, तर तसंच करा. पण एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि पोटाची तयारी असेल, तर मी 'द थिंग' लावायला सांगेन. दोन्हींपैकी काहीही लावलंत तरी मोबाइलवर किंवा कडा कापलेल्या प्रतीत नको, कारण अर्धी भीती त्या कडांवरच उभी असते. आणि शोधताना वर्ष तपासून घ्या: 'द थिंग' याच नावाचा २०११चा सिनेमा दुसऱ्याच दिग्दर्शकाचा आहे, आणि नुसत्या 'हॅलोवीन' नावानं २००७ आणि २०१८चेही सापडतील, तेही कारपेंटरनं दिग्दर्शित केलेले नाहीत.