मोटारघरातील रास्पबेरी पायसाठी टचस्क्रीन: डीएसआय घ्यावी की एचडीएमआय?

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या ठिबकवर लक्ष ठेवण्यासाठी मोटारघरात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि टचस्क्रीन बसवायची असेल, तर आकार आणि किंमत पाहण्याआधी स्क्रीनचा प्रकाश प्रोग्रॅममधून कमी आणि बंद करता येतो का, हे तपासावे. वीज गेल्यावर ही यंत्रणा बॅटरीवर चालते, आणि कोणी पाहत नसताना उजळत राहिलेली स्क्रीन ती बॅटरी विनाकारण खाते. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेलेला असताना बंद पेटीतील उष्णतेत तिची भर पडते.

डीएसआय स्क्रीन पट्टीसारख्या केबलने थेट पायच्या बोर्डाला जोडतात. 2015 मध्ये आलेल्या अधिकृत 7 इंची डीएसआय स्क्रीनचा बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा प्रकाश, थेट लिनक्स कर्नलच्या (पायवरील कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) ताब्यात असतो. त्याच्या फोल्डरमधील ‘ब्राइटनेस’ या फाइलीत 0 ते 255 यांपैकी आकडा लिहिला की प्रकाश बदलतो. ‘बीएल पॉवर’ या फाइलीत मात्र 0 म्हणजे सुरू आणि 1 म्हणजे बंद, हे नीट ध्यानात ठेवावे. फोल्डरचे नाव आणि कमाल आकडा कार्यप्रणालीच्या आवृत्तीनुसार व स्क्रीननुसार बदलतो, म्हणून दोन्ही गोष्टी प्रोग्रॅमने स्वतः शोधून घ्याव्यात. या फाइलींत लिहिण्याचा अधिकार मुळात फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला असतो. त्यासाठी सगळा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवण्यापेक्षा या फाइलींपुरता अधिकार देणारा युडेव्हचा (लिनक्समधील उपकरणे सांभाळणाऱ्या सेवेचा) एक नियम लिहिणे सुरक्षित आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅकलाइट बंद असतानाही स्पर्श चालूच राहतो. अंधाऱ्या स्क्रीनवरचा पहिला स्पर्श फक्त प्रकाश सुरू करण्यासाठी वापरावा, नाहीतर न दिसणारे बटण दाबले जाऊन मोटार सुरू व्हायची.

मॉनिटर-टीव्हीसारख्या केबलने जोडायच्या एचडीएमआय स्क्रीनमध्ये निवड मोठी आहे, पण चित्राच्या सिग्नलबरोबर बॅकलाइटचा ताबा येत नाही. वेलँड या लिनक्सच्या डिस्प्ले व्यवस्थेवर ‘डब्ल्यूएलआर-रँडर’ या आज्ञेने सिग्नल बंद करता येतो, मात्र काही स्वस्त स्क्रीन त्यानंतरही ‘नो सिग्नल’ दाखवत उजळतच राहतात. ‘डीडीसीयूटिल’ या प्रोग्रॅमने प्रकाश कमी करता येतो, पण त्यासाठी स्क्रीनमध्ये डीडीसीची, म्हणजे केबलवरून स्क्रीनला आज्ञा देण्याची सोय लागते आणि छोट्या स्क्रीनमध्ये ती बहुधा नसते. जुन्या माहितीत सापडणारी ‘व्हीसीजेनसीएमडी’ची डिस्प्ले बंद करण्याची आज्ञा नव्या केएमएस या ग्राफिक्स ड्रायव्हरवर चालत नाही.

त्यामुळे नवी खरेदी करणाऱ्याने डीएसआयच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण तिच्या आखूड पट्टी केबलची आहे: संगणक आणि स्क्रीन दूर ठेवायचे असतील तर एचडीएमआयला पर्याय उरत नाही. तेव्हा स्क्रीनचा 5 व्होल्टचा पुरवठा मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचने तोडण्याची सोय करावी, आणि त्यासोबत स्पर्शही बंद होत असल्याने स्क्रीन जागी करण्यासाठी पायच्या जीपीआयओ पिनांवर (बाहेरची उपकरणे जोडण्याच्या पिनांवर) वेगळे बटण बसवावे.