मंडळाची वर्गणी उरलीय आणि वाचनासाठी लावायचीय? मग हे मार्ग शेजारी ठेवून बघा

गणपतीनंतर पैसे उरले की बऱ्याच मंडळांत वाचनालय काढायचा विषय निघतो, आणि तो चांगलाच आहे. पण कपाट घेतलं, पुस्तकं भरली आणि किल्ली एकाकडं दिली, की तो माणूस कामाला गेला की वाचनालय बंद. आणि ज्याला वाचायची सवय आहे त्याच्यासाठी सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच की. खरा प्रश्न पूर्व भागातल्या गल्ल्यांचा आहे, जिथं घरात तेलुगू, शाळेत मराठी, आई दिवसभर विड्या वळतीय आणि घरात शाळेची सोडून दुसरी पुस्तकं नाहीत. अशा ठिकाणी काय करायचं हे ठरवताना बाहेरच्यांनी काय केलं ते बघितलं तर बरंच स्पष्ट होतं.

पहिला मार्ग पुस्तक घरापर्यंत न्यायचा. इंग्लंडात 1992 साली बर्मिंगहॅममध्ये बुकस्टार्ट सुरू झालं, सुरवात 300 बाळांपासून, बाळाच्या तपासणीला येणारी आरोग्यसेविकाच आईच्या हातात पुस्तकांची पिशवी द्यायची. म्हणजे अजून बसताही न येणाऱ्या लेकराला पुस्तक! मला ही कल्पना फार आवडते, कारण पुस्तक देणारी व्यक्ती घरच्यांच्या विश्वासातली असते. पण आईला स्वतःला वाचता येत नसेल तर ते पुस्तक नुसतं चित्रं दाखवण्यापुरतं राहतं, आणि दरवर्षी नवीन बाळं म्हणजे दरवर्षी नवीन खर्च. कोलंबियात लुईस सोरियानो नावाचे शिक्षक अल्फा आणि बेतो या दोन गाढवांवर पुस्तकं लादून खेड्यांत फिरतात, ते बिब्लिओबुरो म्हणून जगभर गाजलं. आपल्याला गाढव लागत नाही, हातगाडी पुरते, पण तिथंही सगळा भार एकाच माणसाच्या जिद्दीवर आहे हे विसरू नका.

दुसरा मार्ग जपानचा, आणि तो जवळजवळ फुकट आहे. 1988 मध्ये चिबा भागातल्या एका हायस्कूलमध्ये सकाळचे 10 मिनिटं वाचन सुरू झालं आणि ते देशभर पसरलं. नियम चारच, सगळ्यांनी वाचायचं म्हणजे शिक्षकांनीसुद्धा, रोज वाचायचं, आवडेल ते वाचायचं, आणि नुसतं वाचायचं, नंतर निबंध नाही, प्रश्न नाहीत, मार्क नाहीत. आपल्याकडं 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, पण वर्षातला एक दिवस आणि रोजची 10 मिनिटं यात किती फरक आहे बघा. अडचण एवढीच की हे शाळेच्या हातात आहे, मंडळाच्या नाही, मुख्याध्यापक तयार असतील तर मंडळानं वर्गागणिक पुस्तकं द्यावीत आणि बाजूला व्हावं.

आता तिसरा मार्ग, जो मला आपल्या गावासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. क्युबात हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून एक वाचक बसायचा. कामगार पानं वळत बसलेले, आणि हा मोठ्यानं पेपर वाचतोय, कादंबरी वाचतोय, त्याचा पगार कामगारच आपल्या पैशातून द्यायचे आणि काय वाचायचं तेही स्वतः ठरवायचे. ही प्रथा तिथं अजून आहे. केरळात कन्नूरकडंही विडी कामगारांत हेच चालायचं, एक जण वाचणार आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून देणार. आता आपल्या बायकांचं काम डोळ्यासमोर आणा, मांडीवर सूप, पत्ती कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, दोन्ही हात गुंतलेले आणि बोटांना तंबाखू, पुस्तक धरणार कसं? पण कान मोकळे असतात, आणि दुपारी चार जणी एकाच ओट्यावर बसलेल्या असतात, लेकरंही तिथंच.

याची कमजोरी पण सांगितलीच पाहिजे, ऐकून अक्षर येत नाही. क्युबात इतकी वर्षं वाचक होते तरी 1961 ला साधारण 23 टक्के लोक निरक्षर होते, मग शाळा-कॉलेजातली लाखभर पोरं गावोगाव पाठवली, ती शेतकऱ्यांच्या घरीच राहिली, दिवसा त्यांच्याबरोबर राबली आणि रात्री कंदिलाखाली शिकवलं, वर्षभरात 7 लाख लोक लिहायला-वाचायला शिकले आणि निरक्षरता 4 टक्क्यांच्या आसपास आली. तेवढं मंडळाला झेपणार नाही, पण आपल्याच देशातली एक सोपी युक्ती जोडता येते. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायची कल्पना काढली, 1999 मध्ये गुजराती गाण्यांपासून ती टीव्हीवर आली. गाणं पाठ असतं म्हणून डोळा आपोआप अक्षरांवरून जातो. तसंच वाचून दाखवायच्या गोष्टीची मोठ्या अक्षरातली प्रत भिंतीवर लावली, आणि तीच गोष्ट आठवडाभर वाचली, तर ओळखीच्या शब्दावर नजर जाईल.

माझा कौल म्हणाल तर असा. पूर्व भागातलं मंडळ असेल तर कपाट घेऊ नका, वाचणारं माणूस ठेवा. गल्लीतलीच एखादी कॉलेजची मुलगी, दुपारी तासभर, आणि तिला मानधन द्याच, फुकटात मागू नका. गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ आहे, 2015 पासून, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्यांत पुस्तकं आहेत आणि प्रिंट काढायला परवानगी आहे. फक्त एक अडचण, तेलुगू बोलणारे घरोघरी असले तरी लिपी वाचणारं माणूस बहुतेक आजोबांच्या पिढीत सापडेल, त्यांना आठवड्यातनं एक-दोन दिवस बसवा, त्यांनाही बरं वाटेल.

नोकरदारांची कॉलनी असेल, आईबाप दोघं शिकलेले, तर हे सगळं नको, तिथं बुकस्टार्टसारखं करा, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडी ताईंच्या हातनं प्रत्येक बाळाला दोन पुस्तकं. आणि जवळची शाळा 10 मिनिटांना तयार झाली तर आधी तिथं पैसे लावा, वाचकाचं पुढच्या वर्गणीत बघता येईल.