हवेतले कण मोजायचं मीटर: परभणीत एक हिवाळा वापरून

दिवाळीनंतर घेतलेलं हे मीटर आता गुढीपाडव्यापर्यंत रोज वापरून झालं, म्हणून लिहिते. साडेचार हजारांना ऑनलाइन मागवलं. तळहाताएवढी डबी, आत लेसर आणि बारीकसा पंखा, पडद्यावर पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घ्यायचं कारण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दमा आहे आणि पहाटे पाचला फिरायला जायची जन्माची सवय. बाहेर पडा किंवा थांबा, हे मला नुसत्या अंदाजाने सांगायचं नव्हतं.

आमच्या गल्लीत थंडीत अजून बंब पेटतात, खाली पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या. सहा वाजता गच्चीवरून बघितलं तर धूर वर जातच नाही. शेजारच्या पत्र्यांच्या थोडा वर येतो आणि चादर अंथरावी तसा आडवा पसरतो. रात्रभर जमीन निवलेली असते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड, तिच्या वरची उबदार. मग ढवळणार कोण? जानेवारीतल्या एका सकाळी सहाला आकडा होता 142. सव्वाआठला ऊन चांगलं लागलं, दोरीवरची साडी हलायला लागली, धुराची चादर कडेने फाटली आणि आकडा उतरायचा सोडून 160 वर गेला. मला वाटलं यंत्र बिघडलं. तसं नव्हतं. तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे भोवरे आधी वर अडकलेला धूर खाली ओढतात, मग हळूहळू सगळं उंचावर पसरवून पातळ करतात. साडेदहाला 58, दुपारी दोनला 31. मधल्या तासाभरात पडद्यावर 90, 64, 88, 61 असा खेळ चालतो. एकेक भोवरा अंगावरून गेलेला कळतो. या कामात मीटर फार चांगलं आहे, त्याचे पैसे वसूल झाले.

आत्या आता खालूनच विचारतात, "काय सांगायलंय गं तुझं यंत्र?"

"अजून शंभराच्या वर हाय, आत्या. चहा घ्या तवर."

आपल्याकडची 24 तासांच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे. आकडा त्याच्या खाली आला की त्या चपला घालतात.

तक्रारीही आहेत. उन्हात पडदा दिसत नाही. बॅटरी आठ तास सांगितली, माझ्याकडे चार तासांच्या वर गेली नाही. धुकं पडलं की आकडा खोटा चढतो, कारण आत हवा कोरडी करायची सोय नाही आणि पाण्याने फुगलेला कण लेसरला मोठा दिसतो. चहाच्या वाफेजवळ धरून बघा, लगेच कळेल. मार्चमध्ये एका वावटळीत पंखा धुळीने अडकला. कंपनीला मेल केला, तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तोवर मीच ब्रशने साफ केला होता.

पण माझी खरी हरकत डबीवर छापलेल्या एका वाक्याला आहे: "हवेतला प्रत्येक सूक्ष्म कण टिपतो." मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि हे वाक्य मला सोडवत नाही. या लेसरला 0.3 मायक्रॉनच्या खालचं जवळजवळ काही दिसत नाही. हवेत वायूच्या रेणूंपासून जो कण नव्याने जन्मतो तो असतो एक-दोन नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. दीड नॅनोमीटर धरला तर असे 80 लाख कण एकत्र केले तेव्हा कुठे या मीटरला दिसणारा सगळ्यात लहान एक कण होईल.

आणि गंमत अशी, की ज्या वेळी माझा आकडा उतरत असतो, नेमकी तीच वेळ हे कण जन्मायला सोयीची असते. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासून उन्हात सल्फ्युरिक आम्लाची वाफ होते. गोठ्यातून आणि युरियातून उठणारा अमोनिया तिच्या रेणूंना एकमेकांना धरून ठेवतो. पहाटेच्या दाट धुरात ही वाफ जुन्या मोठ्या कणांवरच बसून संपते. भोवऱ्यांनी धूर पातळ केला की तिला खाणारे कमी होतात. दुसरी गोष्ट मी वर्गात थंडीत तोंडातून निघणाऱ्या वाफेवरून सांगते. श्वासातली हवा अदृश्य, बाहेरची गार हवाही अदृश्य. दोन्ही मिसळल्या की मध्येच पांढरी वाफ दिसते, कारण हवेची बाष्प धरायची ताकद तापमानासोबत सरळ रेषेत वाढत नाही. उन्हाने जमीन तापल्यावर भोवरे खालची, आता उबदार झालेली ओलसर हवा वरच्या गार हवेशी अशीच मिसळतात. कणांच्या जन्माचा वेग आम्लाच्या वाफेच्या प्रमाणावर फार तीव्रपणे अवलंबून असतो, त्यामुळे भोवऱ्यातल्या क्षणभराच्या दाट जागेत जेवढे कण होतात तेवढे सरासरी हवेचं गणित मांडून निघत नाहीत. फिनलंडमध्ये ह्यूटियालाच्या जंगलातल्या केंद्रावर शास्त्रज्ञांनी सकाळी हवा ढवळायला लागायची आणि नवे कण दिसायची वेळ जुळताना पाहिली आहे. ऊनही त्याच वेळी चढतं, म्हणून दोन्हींचा वाटा वेगळा काढणं अवघड जातं. शिवाय भोवरे वाफही पातळ करतात, म्हणजे ते दरवेळी कणांच्या बाजूनेच असतात असं नाही.

हे नवे कण वाढून पन्नास-शंभर नॅनोमीटरचे झाले तर त्यांच्यावर ढगाचा थेंब धरू शकतो. पावसासाठी आभाळाकडे बघणाऱ्या आमच्या मुलखात पोरांना हे ऐकायला आवडतं. अकरावीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, मग आपल्या मीटरवर दाखवा ना." दाखवता येत नाही. त्यासाठी कणावर ब्यूटेनॉलची वाफ बसवून त्याला मोठं करून मोजणारं यंत्र लागतं, लाखोंच्या घरातलं. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी 1880 च्या दशकात हेच पाण्याच्या वाफेने करून दाखवलं होतं, कण मोठा करून डोळ्याने मोजायचं.

घरात दमेकरी असेल तर घ्या. फक्त आर्द्रताही दाखवणारं मॉडेल बघा आणि ती 80 टक्क्यांच्या वर असेल तेव्हा आकडा वहीत लिहू नका. हवा आत ओढायच्या जाळीवर आठवड्यातून एकदा कोरडा ब्रश फिरवा, चैत्र-वैशाखात दोनदा. पाच तारे देणार होते, त्या छापील वाक्यासाठी एक कमी केला.