कॅम्पर व्हॅनचा फ्रॉस्ट व्हॉल्व्ह आणि टाकीचा हीटिंग पॅड: हिवाळाभर वापरून

हा रिव्ह्यू चिडून लिहायला घेतला होता. अर्धा लिहून पडून राहिला. तो भाग तसाच ठेवलाय, कारण नवीन घेणारा प्रत्येक जण आधी असाच चिडणार आहे.

फ्रॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलर गोठून फुटू नये म्हणून थंडीत त्यातलं पाणी आपोआप सोडून देणारा व्हॉल्व्ह. त्याला दोन तारे. वीज लागत नाही हे खरं. पण 3 अंशांच्या आसपास हा आपला आपण उघडतो आणि बॉयलरमधलं दहा लिटर पाणी, गॅस जाळून तापवलेलं, तळातल्या नळीतून सरळ रस्त्यावर. पंपाचा स्विच चालू राहिला असेल तर आणखी मजा. लाइनचा दाब पडला की प्रेशर स्विचवाला पंप धावतो आणि स्वच्छ पाण्याची टाकीही त्याच वाटेने उपसून टाकतो. नॉब दाबून बंद करायला जावं तर व्हॉल्व्ह स्वतः 7 अंशांच्या वर गेल्याशिवाय बसतच नाही. दाबला की टक्कन बाहेर. मी आत टी-शर्टवर बसलोय आणि हा म्हणतो थंडी आहे!

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एकच: 'तो असाच चालतो.' वर तपासणीचे पैसे लावले. पार्ट बदलला नाही, स्क्रू फिरवला नाही, पैसे कसले? त्यावरून चांगलीच वाजली.

इथून पुढचं नंतर लिहिलेलं.

वायरवाल्या थर्मामीटरचं टोक व्हॉल्व्हला टेपने चिकटवलं. केबिनमध्ये 18, व्हॉल्व्हपाशी 4. बेडखालच्या खोक्यात, बाहेरच्या पत्र्याला खेटून बसवलाय, आणि खाली नळीसाठी पाडलेलं भोक नळीच्या दुप्पट मोठं. तिथून गार वारा थेट त्याच्या अंगावर. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा खरंच सांगत होता. बसवणाऱ्याने जागा भिकार निवडली. भोकात फोम कोंबला, हीटरच्या गरम हवेच्या पाइपला वाय जॉइंट लावून एक फाटा त्या खोक्यात सोडला. त्यानंतर हीटर चालू असताना तो एकदाही उघडलेला नाही.

एकदा हीटरच बंद पडला तेव्हा मात्र उघडला. सिलिंडरमध्ये ब्युटेन जास्त होता. ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, त्याखाली त्याचा गॅस होत नाही, सिलिंडर अर्धा भरलेला असला तरी. प्रोपेन उणे 42 पर्यंत साथ देतो, थंडीत तोच घ्या. सकाळी फिल्टरच्या वाटीला उभी चीर, बॉयलर ठणठणीत. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि बंद बॉयलरमध्ये फुगायला जागा पत्रा फाडूनच मिळते. नॉब वर येऊ नये म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावणारे महाभाग आहेत. दहा लिटर पाणी वाचवायला अख्खा बॉयलर पणाला लावणं हा हिशोब माझ्यासारख्या चिकटालाही पटत नाही.

म्हणून दोनाचे आता चार तारे केले, तरी चारच. उघडला की साधा बीपसुद्धा नाही. शिवाय तो वाचवतो फक्त बॉयलर. पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, पाइप जिथे झोळ खातो तो भाग, शॉवरची नळी, सगळं तसंच भरलेलं राहतं. गाडी उभी करून ठेवणार असाल तर टाकी सोडा, पंप थोडा वेळ कोरडा चालवा, मिक्सरचे नळ गरम-थंडच्या मधोमध उघडे ठेवा, शॉवर खाली लोंबू द्या. सिंकच्या सायफनमध्ये, म्हणजे खालच्या पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपात, प्रोपिलीन ग्लायकॉलवालं अँटीफ्रीझ ओता. रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉलवालं पिण्याच्या पाण्याच्या लाइनजवळही नको, ते विष आहे आणि चवीला गोड लागतं.

आता हीटिंग पॅड. एक तारा. 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढतो, दहा तासांची रात्र म्हणजे 50 अँपिअर-तास, 100 च्या बॅटरीतले निम्मे. वर लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, म्हणजे गारठलेल्या सकाळी भरपाईही नाही. आणि एवढं करून गरम काय होतं? टाकीचा तळ. तीच टाकी, जी सगळ्यात शेवटी गोठते. टाकीतून निघणारा बोटभर जाडीचा पाइप आधी गोठतो आणि पॅडचा त्याच्याशी संबंध नाही. टाकी केबिनच्या आत असेल तर हा घेऊच नका. विकून टाकला असता, पण गमाने असा चिकटवलाय की टाकीसकटच निघेल.