मुरबाडच्या गाडीवाटेवर डॅशबोर्डचे आकडे: दहा महिन्यांचा अनुभव

आम्ही राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला. सासऱ्यांची भातशेती मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. डांबरी रस्ता संपला की शेवटचे साडेतीन किलोमीटर गाडीवाट आहे. खोल चाकोऱ्या, मध्ये एक ओहोळ, आणि शेताच्या अलीकडे एक टेकाड, जिथे वाट आडव्या उतारावरून जाते. महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं, आवणीच्या दिवसांत त्याहून जास्त. गाडी २०१९ ची डिझेल फोर बाय फोर, मॅन्युअल गिअरची. गेल्या मे महिन्यात तिच्यात नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवली, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायची जोडणी) ब्लूटूथ अडॅप्टर लावला आणि चारही चाकांना हवेच्या दाबाचे सेन्सर लावून घेतले.

स्क्रीनवर मी चारच गोष्टी ठेवल्या आहेत: गाडीचा कोन, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, टायरमधली हवा आणि बॅटरीचा व्होल्टेज. सुरुवातीला अकरा आकडे लावले होते. पण स्वस्त अडॅप्टर एकेक आकडा गाडीच्या कॉम्प्युटरकडून रांगेने मागून घेतो, त्यामुळे जितके आकडे जास्त तितका प्रत्येक आकडा उशिरा बदलतो. चिखलात दोन सेकंद जुना आकडा काही कामाचा नाही.

कोनाबद्दल आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त शिकलो ते तिथे आणि चुकलोही तिथेच. पहिल्या आठवड्यात टेकाडावर स्क्रीनने ३० दाखवले आणि माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन सेटिंग उघडलं तर तो आकडा टक्क्यांत होता, अंशांत नव्हे. ४५ अंशांचा उतार म्हणजे १०० टक्के, २० अंश म्हणजे साधारण ३६ टक्के. म्हणजे माझे ३० टक्के १७ अंशसुद्धा नव्हते. नवीन स्क्रीन घेतली की हे सगळ्यात आधी तपासा. उलटी गफलत झाली, म्हणजे अंशांना टक्के समजून गाडी पुढे काढली, तर ती जिवावर बेतेल.

दुसरी चूक शून्य लावताना झाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असताना मी कोन शून्यावर आणला. पार्किंगची फरशी सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला ढाळ दिलेला असतो. गवंड्याची पाणसळ आणून फरशीवर ठेवली तेव्हा बुडबुडा सरळ एका बाजूला गेला. त्यावर सोपा उपाय आहे. गाडी एका जागी उभी करून आकडा लिहून घ्यायचा, मग त्याच जागी गाडी तोंड फिरवून उभी करायची आणि पुन्हा आकडा घ्यायचा. एकदा डावीकडे ३ आणि उलट्या तोंडाने डावीकडे १ आला, तर फरशीचा ढाळ १ अंश आणि स्क्रीनची चूक डावीकडे २ अंश. माझ्याकडे नेमकं हेच निघालं.

हा कोन स्क्रीनमधला इवलासा सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून काढतो. जोरात ब्रेक दाबला तरी त्याला गाडी उतारावर आल्यासारखी वाटते, धक्का बसला तरी आकडा उडतो. म्हणून हलत्या गाडीतल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. अवघड जागा आली की थांबायचं, दोन सेकंद आकडा स्थिर होऊ द्यायचा, मग ठरवायचं. आणि स्क्रीनकडे ड्रायव्हरने बघायचं नाही, ही आमच्या गाडीतली सक्ती आहे. शेजारी बसलेला माणूस आकडे मोठ्याने वाचतो. बहुतेक वेळा ते काम आप्पा, म्हणजे माझे सासरे करतात. त्यांनी पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, त्यामुळे कोणता आकडा केव्हा सांगायचा हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

जुलैमधला एक दिवस सांगतो. युरियाच्या दोन गोणी घेऊन निघालो होतो, रात्रभर पाऊस पडून गेलेला. टेकाडावर फोर लो (चारही चाकांना जोर देणारा, सगळ्यात हळू चालवायचा गिअर), पहिला गिअर, क्लचला पाय न लावता गाडी सावकाश चढत होती. आप्पा वाचत होते. "डावीकडे बारा. चौदा. सोळा. थांबा जरा, एकोणीस." आडव्या उतारावर २० ही मी स्वतःला घालून दिलेली मर्यादा आहे, घरची मंडळी मागे असतील तर १५. थांबलो. आप्पा खाली उतरले, पुढे जाऊन बघून आले आणि म्हणाले, "जावईबापू, पुढची डावी चाकोरी खचलीय. सहा इंच तरी खाली गेलीय. तुम्ही आता इथून पुढे नका नेऊ."

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर खालचं चाक आणखी १५ सेंटिमीटर उतरलं की कोन जवळपास ६ अंशांनी वाढतो. वरून सस्पेन्शन दबतं ते वेगळं. १९ चे २५ झाले असते, तेही ओल्या मातीवर. कागदावर अशा गाड्या ४० अंशांच्या पुढे गेल्यावर उलटतात, पण तो हिशेब उभ्या, रिकाम्या, न हलणाऱ्या गाडीचा. वरच्या चाकाखाली एक दगड आणि खालच्या चाकाखाली एक खड्डा एकाच वेळी आला की तो हिशेब कोलमडतो.

गाडी तिथे वळवायची नाही, हे पक्कं होतं. उतारावर तोंड फिरवायला गेलं की ती पूर्ण आडवी होते. आलो त्याच चाकोऱ्यांतून रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे घेतली. गाडी बाजूला घसरायला लागली असती, तर स्टिअरिंग उताराच्या दिशेला सोडायचं, वरच्या बाजूला ओढायचं नाही, हे दोघांनी आधीच बोलून ठेवलं होतं. टेकाडाखाली गाडी लावली आणि ४५-४५ किलोच्या दोन्ही गोणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून खांद्यावरून नेल्या. अर्धा तास गेला. स्क्रीन नसती तरी आप्पांना चाकोरी दिसली असती का? दिसली असती, जर आम्ही थांबलो असतो तर. थांबलो ते त्या एकोणीसमुळे.

ऑक्टोबरमधली गोष्ट तापमानाची. पाऊस गेल्यावर दोन चाकोऱ्यांच्या मध्ये कमरेएवढं गवत वाढून वाळलेलं असतं. दुपारी दोनला फोर लोमध्ये चढत असताना कूलंट ९१ वरून ९६, मग १०१ वर गेलं. गाडीचा मूळचा काटा मात्र मधोमध, एक रेषभरही हललेला नाही. बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की ठरावीक पट्ट्यात तापमान कितीही वरखाली झालं तरी तो मध्येच राहतो. तो हलतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. १०४ ला मी सावलीत गाडी उभी केली, एसी बंद केला, हीटर पूर्ण सुरू केला आणि इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे पाणी फिरत राहावं. सहा-सात मिनिटांत ९४ वर आलं. मग इंजिन बंद करून पुढची जाळी बघितली.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. त्याच्या पूर्ण रुंदीवर कुसळांचा थर बसला होता. बोटाने ओढला तर नमद्यासारखी पट्टी निघून आली, जवळजवळ अर्धा इंच जाड. वेग कमी, वारा नाही, आणि पंखा जी हवा ओढणार तीही कुसळांनी अडवलेली. मऊ ब्रश आणि बाटलीतल्या पाण्याने हळूहळू साफ केलं. जोराच्या पाण्याने पाती वाकतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उडतं. त्या दिवसापासून गवतातून निघाल्यावर गाडीखाली वाकूनही बघतो, कारण सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळ वाळलेलं गवत अडकलं तर पेट घेऊ शकतं, आणि ते कुठलीच स्क्रीन सांगत नाही.

टायरची हवा: हायवेला मी ३२ पीएसआय ठेवतो, गाडीवाटेवर चिखल असेल तर २० वर आणतो. टायर पसरतो, पकड वाढते, आतल्या माणसांना धक्केही कमी बसतात. साध्या रिमवर १५ च्या खाली जात नाही, टायर रिमवरून निसटायची भीती असते. एक बारकावा मात्र सेन्सर लावल्यावरच कळला. ठाण्याहून मुरबाडला पोचेपर्यंत टायर तापतात आणि ३२ चे ३६ होतात. त्या गरम टायरमधून हवा सोडून २० केली, की थंड झाल्यावर १७-१८ च उरते. आता मी गरम असताना २२-२३ वर थांबतो. परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायचीच. कमी हवेवर ऐंशीच्या वेगाने पळालं तर टायरची बाजू तापून फाटते. लहान कंप्रेसरला चार टायरांना पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ घरून निघतानाच धरून ठेवतो.

ओहोळाच्या बाबतीत यातलं काहीच उपयोगी नाही. पाणी किती खोल, तळ कसा, ओढ किती, हे काठी घेऊन पायी उतरल्याशिवाय कळत नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी हलवतं, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पाणी गढूळ आणि वाढतं दिसलं की आम्ही अलीकडेच थांबतो. जायचंच असेल तर तिथून पुढे पायी जातो.

आता तक्रारी. पहिल्या दुकानात स्क्रीन बसवताना मूळ वायरिंग कापून जोड मारले. जूनमध्ये त्यातला एक जोड ओला होऊन स्क्रीन बंद पडली, आणि मी ज्या दिवशी तिच्या भरवशावर निघालो होतो नेमकं त्याच दिवशी. दुसरीकडे नेऊन कपलर टू कपलर हार्नेस, म्हणजे वायर न कापता मूळ जोडणीतच खोचायचा वायरसंच, लावून घेतला. बसवायच्या आधीच हे बोलून घ्या, वायर कापल्या तर वॉरंटीवरही पाणी पडू शकतं. अडॅप्टर पोर्टमध्ये तसाच राहिला तर बॅटरी खातो. दिवाळीत गाडी सोळा दिवस उभी होती, नंतर व्होल्टेज ११.९ दाखवला आणि स्टार्टर रडला. चांगली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन सुरू असताना १४ च्या जवळ. आता गाडी उभी करताना अडॅप्टर काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो. इंजिनचा दिवा लागला तर ॲपमधून फॉल्ट कोड पुसून टाकायचा मोह होतो, तो आवरा. कोडबरोबर त्या क्षणीची नोंदही जाते, आणि मेकॅनिकला धागा सापडत नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांना गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, पण साधी ॲप्स तो आकडा बऱ्याच गाड्यांत वाचू शकत नाहीत. विकत घेण्याआधी आपल्या गाडीवर लावून बघा. बीएस ६ डिझेलवाल्यांनी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) काजळी किती साचली तेही दिसतंय का ते बघावं, हळू चालणाऱ्या गाडीत ती लवकर भरते.

आणखी एक विनंती. स्क्रीनवर कोन दिसायला लागला म्हणून येऊरच्या जंगलात गाडी घालू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सराव करायचा तर परवानगी असलेल्या ट्रॅकवर, शिकवणारा माणूस शेजारी घेऊन करा.

पैसे एकदम नसतील तर आधी टायरचे सेन्सर आणि कंप्रेसर घ्या, मग अडॅप्टर जुन्या मोबाइलवर चालवून बघा. मोठी स्क्रीन शेवटी. भर दुपारी तिच्यावर ऊन पडलं की आकडे दिसतच नाहीत, आप्पा हाताचा आडोसा धरून वाचतात. मेच्या शेवटी टेकाडावरची ती चाकोरी दगड भरून बांधून घ्यायची आहे. आप्पांनी गावातल्या दोघांना सांगून ठेवलंय.